भोपळा शिवला त्याची गोष्ट

साताऱ्यात मी तीस वर्षं ब्लाउज शिवले. कटोरी, प्रिन्सेस कट, फुगा बाही, लग्नसराईत एका दिवसात सहा-सहा. भोपळा मात्र आयुष्यात एकदाच शिवला, आणि तोही हातानं. माझं मशीन घरी साताऱ्याला आणि मी लेकीकडे, न्यू जर्सीत एडिसनला.

२०२४ च्या दिवाळीची ही गोष्ट. नातवंडांची खरी नावं कुठे लिहायची नाहीत असं लेकीनं बजावलंय. नात नऊ वर्षांची, तिला मी ताई म्हणते. नातू पाच वर्षांचा, तो बाळू.

जूनमध्ये मी इथे आले. घर छान, मागे अंगण, समोर मेपलची झाडं. पण रस्त्यावर माणूस नाही. सकाळी गॅरेजचं दार वर जातं, गाडी बाहेर पडते, दार खाली येतं. संध्याकाळी तेच उलटं. चार महिन्यांत मी शेजाऱ्यांना त्यांच्या गाड्यांवरून ओळखायला लागले होते. पांढऱ्या गाडीवाले, निळ्या गाडीवाले. समोरच्या घरातली म्हातारी बाई तेवढी कधी पायरीवर बसलेली दिसायची. ती हात हलवायची, मी हात हलवायचे. मधे एक रस्ता होता, पण तो ओलांडायचा म्हणजे ओलांडून बोलायचं काय? माझं इंग्रजी समजण्यापुरतं आहे, बोलण्यापुरतं नाही. आमच्या पेठेत दुपारी दार लावलं तर शेजारीण विचारायला येते, बरं नाही का म्हणून. इथे सगळे आपापल्या घरात सुखी असतील, असं मी मनाला सांगायचे. तरी दुपारी दीड ते साडेतीन, मुलं शाळेतून येईपर्यंतचा वेळ मला फार जड जायचा.

सप्टेंबर संपता संपता घराघरांपुढे भोपळे दिसायला लागले. पायऱ्यांवर, कठड्यावर, दारात गवताच्या भाऱ्यावर. माणसं नाहीत पण भोपळे आहेत. मग झाडांना पांढरी फडकी लटकली, एका अंगणात सांगाडा येऊन बसला. ताई म्हणाली, "आजी, हॅलोविन आहे. ३१ ऑक्टोबर. त्या संध्याकाळी सोंग घेऊन घरोघर खाऊ मागायचा." आणि लगेच दुसरं वाक्य, "तू काय होणार?"

मी काय होणार हा प्रश्न मला कितीतरी वर्षांत कोणी विचारला नव्हता. उत्तर बाळूनं दिलं.

बाळू दोन वर्षांचा असल्यापासून मी त्याला फोनवरून गोष्टी सांगते. व्हिडिओ कॉलवर जेवण भरवायचं असलं की लेक फोन ताटासमोर ठेवायची आणि मी साताऱ्यातून सुरू करायचे. त्यातली त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे लेकीकडे निघालेली म्हातारी. वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, खातो म्हणतात. ती सांगते, आता माझ्या अंगात आहे काय? लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग खा. परतताना लेक तिला भोपळ्यात बसवून देते. ही गोष्ट मी माझ्या लेकीला सांगितली होती, मला माझ्या आईनं. पण एवढ्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं ते पाच वर्षांच्या पोराच्या आलं. तो म्हणाला, "आजी तर लेकीकडेच आलीय. मी भोपळा होतो. आजी, तू म्हातारी. ताई वाघ."

त्याच्या वर्गातली बहुतेक मुलं दुकानातून पोशाख आणतात. बाळूलाही एक उडणारा वीर व्हायचं होतं, त्याचा लाल झगा लेकीनं बघूनही ठेवला होता. तो रद्द झाला. मला जो आनंद झाला तो मी कोणाला दाखवला नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे कटिंग दिसत होतं.

लेकीनं केशरी कॉटन आणलं. इथे कापड यार्डात मिळतं, यार्ड म्हणजे ३६ इंच, आपल्या मीटरपेक्षा जरा कमी, म्हणून मी तीनच्या ऐवजी साडेतीन सांगितलं. भोपळ्याला आठ कळ्या कापल्या. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या, घागऱ्याच्या कळ्या दोन्हीकडून कापाव्यात तशा. वर गळ्याला नाडी, खाली मांडीवर इलॅस्टिक, आत अस्तर. अस्तर आणि कापड यांच्या मधे जुन्या उशीतला पॉलिस्टरचा कापूस, पण थोडाच, नाहीतर पोराला बसता येणार नाही. प्रत्येक कळीच्या शिवणीवर वरून उलटी टीप घातली, म्हणजे भोपळ्याच्या रेषा खोल दिसतात. मशीनवर हे दोन तासांचं काम. हातानं मला बारा दुपारी लागल्या. दीड ते साडेतीन.

त्या बारा दुपारी कशा गेल्या ते मला कळलं नाही.

बाळू शाळेतून आला की आधी भोपळा किती झाला ते बघायचा. आठव्या की नवव्या दिवशी त्यानं हरकत काढली. "म्हातारी आत असते. तू बाहेर कशी?" बरोबर होतं त्याचं. मी मग भोपळ्याच्या पोटावर एक खिसा लावला, त्याला झाकण, झाकणाला बटण, आणि आत बसवायला चिंध्यांची बाहुली केली. माझ्या बॅगेत एक जुनी हिरवी सुती साडी होती, प्रवासात अंगावर घ्यायला आणलेली. तिच्या पदराच्या कडेची वीतभर पट्टी कापून बाहुलीला नऊवारी नेसवली. केस पांढऱ्या लोकरीचे. कपाळावर लाल रेशमाचा एकच टाका. झाकण उघडलं की म्हातारी डोकं बाहेर काढते. बाळूनं ते बटण त्या संध्याकाळी पन्नास वेळा उघडलं-लावलं, शेवटी मला ते दुहेरी दोऱ्यानं परत पक्कं करावं लागलं.

खरा भोपळा कोरायचा कार्यक्रम आदल्या रविवारी झाला. लेकीनं सुरी माझ्या हातात दिली, पण मी ती जावयांकडे दिली. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी बाईनं चालवायची नाही. माझी सासू शेजारच्या पोराला बोलावून पहिला घाव घालून घ्यायची. ताईला हे मुळीच पटलं नाही. "का?" म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही, आणि पहिला घाव जावयांनी घातल्यावर बाकी सगळं कोरीवकाम ताईनंच केलं. झाकण सरळ कापायचं नाही, सुरी तिरकी धरायची, नाहीतर झाकण आत पडतं, हे तिनंच मला दाखवलं. बिया धुऊन, मीठ लावून ओव्हनमध्ये भाजल्या.

गर मात्र मी चाखून बाजूला ठेवला. हा कोरायचा भोपळा पाणचट असतो, त्यात चोथा फार. ओक ट्री रोडच्या भाजीच्या दुकानात छोटे गोड भोपळे मिळतात, त्यातला एक आणून फराळात घारगे केले. गूळ, तांदळाचं पीठ, वेलदोडा, वर खसखस. घारग्यांना साताऱ्याच्या डांगराइतका रंग आला नाही, पण चवीला चांगले झाले.

आता त्या दिवसाचं सांगते. त्या वर्षी साताऱ्यात नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. इथलं घड्याळ मागे, त्यामुळे अमावास्या इथे ३१ लाच सकाळी लागली आणि शुक्रवारी सकाळी संपली. म्हणजे संध्याकाळची अमावास्या मिळाली ती गुरुवारीच. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी लक्ष्मीपूजन, आणि तीच संध्याकाळ हॅलोविनची. तिन्ही एका दिवसात.

पहाटे पाचला मुलांना उठवलं. तेल, उटणं, कढत पाणी. कारीट इथे कुठलं मिळायला, एक कोवळी काकडी पायाखाली चिरडली. बाळूनं नरकासुराला एवढ्या जोरात मारलं की काकडीच्या बिया भिंतीवर उडाल्या. मग शाळा, शाळेत पोशाखांची मिरवणूक. लेकीनं फोटो पाठवला, त्यात सगळ्या झग्यांमध्ये माझा केशरी भोपळा. एवढ्या लांबून मी शिवणीच बघत होते.

दुपारी एक मनाला लागणारी गोष्ट झाली. संध्याकाळी मुलं दाराशी येणार म्हणून मी बेसनाचे लाडू छोटे-छोटे वळून, कागदात गुंडाळून ताटात मांडले होते. चाळीस. लेक कामावरून आली, ते बघून खाली बसली आणि हळूच म्हणाली, "आई, हे नाही देता येणार." घरी केलेला पदार्थ इथे या दिवशी कोणी घेत नाही. पुडीत बंद, छापील वेष्टनातलंच द्यायचं. कित्येक मुलांना शेंगदाणा, काजू, बदाम चालत नाहीत, नुसता कण गेला तरी जीव गुदमरतो. ताईच्या वर्गात असा एक मुलगा आहे. त्याच्यासारख्यांसाठी काही घरांपुढे निळा-हिरवा रंगवलेला भोपळा ठेवतात. त्याचा अर्थ असा की इथे खाऊ नाही, पेन्सिल, चेंडू, स्टिकर असं काही मिळेल. ही चाल २०१४ पासून देशभर पसरली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दाराशी आलेल्या पोराच्या हातावर घरचं ठेवायचं नाही, हे पचायला वेळ लागला. पण त्या मुलाचं ऐकल्यावर मी ताट आत नेलं. आमच्याही पायरीवर एक निळा-हिरवा भोपळा ठेवला आणि त्याच्यापाशी ताईनं पेन्सिलींचं टोपलं मांडलं.

सहाच्या सुमारास दिवस मावळला. त्या वर्षी ऑक्टोबरभर इथे पाऊस जवळजवळ झालाच नव्हता, आणि त्या दिवशी तर उन्हाळ्यासारखी हवा. एरवी पोशाखावर जाकीट घालावं लागतं म्हणून मुलं रडतात म्हणे. आम्ही दारात पणत्या लावल्या, बाहेरचा दिवा लावला. बाहेरचा दिवा लावलेला असला की या घरी यावं, विझलेला असला की जाऊ नये, असा इथला शिरस्ता. मी लेकीला म्हटलं, आपल्याकडे तरी दुसरं काय आहे? लक्ष्मीपूजनाच्या वेळी दिवा लावायचा आणि दार उघडं ठेवायचं.

आरती सुरू होती. मध्यावर घंटी वाजली. जावई म्हणाले, आई, आरती होऊ दे, ती मुलं परत येतील. मी म्हटलं, या वेळेला दाराशी आलेल्याला थांबवायचं नाही. निरांजन हातात तसंच धरून मी दार उघडलं.

पायरीवर तीनेक वर्षांची एक मुलगी उभी होती. सोनेरी फ्रॉक, डोक्यावर कागदी मुकुट, हातात प्लास्टिकची बादली. मागे तिचा बाप. ती माझ्याकडे बघतच राहिली, म्हणजे खरं तर निरांजनाकडे. ते तीन शब्द म्हणायचे असतात, ट्रिक ऑर ट्रीट, ते ती विसरली. मी वाकून निरांजन तिच्यापासून लांब धरलं आणि दुसऱ्या हातानं मूठभर चॉकलेटं तिच्या बादलीत टाकली. बापानं "हॅपी दिवाली" म्हटलं. चार महिन्यांत त्याची मी फक्त निळी गाडी बघितली होती.

मग रीघच लागली. लेक दाराशी बसली, आम्ही चौघं निघालो. मी हिरवं नऊवारी नेसले होते, बाहुलीसारखंच. ताई वाघ, तिच्या गालांवर पट्टे. बाळू पुढे. आणि रस्ता! त्या रस्त्यावर इतकी माणसं राहतात याची मला कल्पना नव्हती. बाबागाड्या, कुत्री, आज्या-आजोबा, कोणी पंख लावलेले, कोणी पांढरी चादर पांघरलेले. सगळी दारं उघडी. प्रत्येक दाराशी बाळू उभा राहायचा, पोटावरचं बटण काढायचा, म्हातारी बाहेर यायची आणि तो मराठीत म्हणायचा, "म्हातारी कोतारी मी नाही जाणा, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!" आणि उडी. मग ताई इंग्रजीत अर्थ सांगायची. एका घरच्या आजोबांनी त्याला तीनदा म्हणायला लावलं आणि तिसऱ्यांदा स्वतःही "टुणूक" म्हणाले.

सात-आठ घरांनंतर माझा गुडघा बोलायला लागला. जावई म्हणाले, आई, तुम्ही घरी चला. पण समोरच्या घरी अजून जायचं होतं. ती बाई पायरीवर खुर्ची टाकून, मांडीवर मोठं भांडं घेऊन बसली होती. बाळूनं झाकण उघडलं, गोष्ट म्हटली, उडी मारली. ती हसली, त्याला चॉकलेट दिलं. आणि मग तिनं जे केलं ते तोवर कोणीच केलं नव्हतं. चष्मा कपाळावरून खाली ओढला, बाळूला जवळ घेतलं, आणि भोपळ्याची खालची कड उलटून आतली शिवण बघितली.

अंगठ्यानं तिनं टीप चाचपली. एक कळी, दुसरी कळी. खिशाच्या कोपऱ्याशी, जिथे मी दुहेरी टाके घातले होते, तिथे थांबली. मग वर माझ्याकडे बघून नुसती बोटं हलवून विचारलं, हातानं? मी मान हलवली. तिनं बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

बाळू वडलांबरोबर पुढे गेला, पण ताई माझ्याजवळ थांबली, दुभाषी म्हणून. अर्धा-पाऊण तास आम्ही तिथे बसलो, येणाऱ्या मुलांना दोघी मिळून खाऊ देत. त्या बाईची आजी आयर्लंडहून आलेली. तिकडे या रात्री भोपळे नव्हतेच, सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. इथे आल्यावर त्यांना भोपळा मिळाला, सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला मऊ. आणि तिची आई? तिची आई इथून अर्ध्या तासावरच्या एलिझाबेथ गावात, सिंगरच्या शिलाई मशीनच्या कारखान्यात कामाला होती.

सिंगर! हे एकच नाव मला दुभाष्याशिवाय समजलं. माझ्या आईकडे सिंगरचं मशीन होतं. काळं, सोनेरी नक्षीचं. त्याच्याखाली बसून मी चिंध्या गोळा करायचे आणि त्याच्यावरच टीप मारायला शिकले. तो कारखाना १८७३ मध्ये सुरू झाला आणि १९८२ मध्ये बंद पडला. हजारो माणसं तिथे कामाला होती, आणि त्या बाईच्या सांगण्याप्रमाणे तिच्या आईच्या कपड्यांना कायम मशीनच्या तेलाचा वास यायचा. तो वास मला माहीत आहे. मी ताईला म्हटलं, हे त्यांना सांग. ताईनं सांगितलं. ती बाई काही बोलली नाही, फक्त माझ्या मनगटावर हात ठेवला.

घरी आल्यावर मुलांनी खाऊ जमिनीवर ओतला. आईनं एकेक वेष्टन तपासलं, अदलाबदल झाली, रडारडही झाली. बाळू भोपळ्यातच झोपला. उचलून नेताना पाठीची एक शिवण तीन-चार इंच उसवली.

पाडव्याला मी समोर फराळाचा डबा नेला. रस्ता मी एकटीनं ओलांडला. डब्यात ते लाडू होते, घारगे होते, आणि आत काय-काय घातलंय ते ताईकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं, शेंगदाणे नाहीत हे सगळ्यात वर.

रविवारी भाऊबीज. त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे सगळेच घोटाळ्यात. दहाच्या सुमाराला घंटी वाजली. ती उभी होती, हातात काळी पेटी. पेटीत सिंगरचं छोटं विजेवरचं मशीन, हलक्या जातीचं, पाचेक किलोचं. इथल्याच कारखान्यातलं, तिच्या आईचं. काळं, सोनेरी नक्षीचं. मी डिसेंबरात जाईपर्यंत माझ्याकडे ठेवायचं, असं म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर ते मांडलं. तिनं दोरा ओवून दाखवला, मी बॉबीन भरली. उसवलेली शिवण घालायला घेतली तेव्हा बाळू टेबलाला चिकटून उभा. "आजी, पुढच्या वर्षी मला बसेल ना गं?"

मी सगळ्याच कळ्या उसवल्या आणि नव्यानं टीप घातली, प्रत्येक शिवणीत आत दोन-दोन बोटं माया सोडून.